पिंपांची रांग
आमच्या टेकडीवर सगळेच पहिल्या दिवशी आले. विचारा कुणालाही. दोन वर्षांत मी वस्तीच्या पुस्तकासाठी सत्त्याऐंशी जणांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या, आणि सत्त्याऐंशी जणांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की वाळूत झोपडीच्या भिंतीची पहिली चटई आम्हीच रोवली. झोपड्या होत्या चाळीस. आता हे पुस्तकात कसं बसवायचं, सांगा.

तरी मी सोडणारी नव्हते. वस्तीला पन्नास वर्षं होत आली होती. लिमा शहर आमच्या डोक्यावरून मागच्या तीन टेकड्या चढून गेलं होतं, आणि जुन्या नकाशात आमच्या जागी नुसती वाळू दिसत होती. आम्ही म्हातारे मेलो की तीच खरी ठरणार.

त्यात वरच्या वस्तीसाठी जिना मंजूर झाला. सोमवारपासून खोदाई सुरू होणार होती. त्याआधीच्या बुधवारी झेनोबिया माझ्या दारात येऊन बसली. ही माझी शेजारीण. आठवण सांग म्हटलं की दरवेळी म्हणायची, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

"मेलानिया, माझा मुलगा तिथे आहे," ती म्हणाली.

अकरा दिवसांचा होऊन गेला होता. वस्ती तेव्हा नवी होती, इथे दफनभूमी नव्हती. तिने स्वतःच्या हाताने त्याला उतारावर पुरलं, तिच्या पाण्याच्या पिंपापासून सरळ वर वीस पावलांवर. खूण म्हणून ठेवलेले दगड वाळूने कधीच गिळले होते.

जिन्याचा इंजिनीअर उर्बिना माणूस भला. म्हणाला, "मावशी, जागा दाखवा, मी जिना वळवतो. पण अख्खी टेकडी नाही सोडता येणार. रविवारपर्यंत सांगा."

पिंपाची जागा कोण सांगणार? झोपड्यांच्या जागी तीन-तीन मजले उभे राहिलेत. जुन्यातला राहिला होता फक्त एक खडक. पाण्याचा टँकर तिथपर्यंतच यायचा, पुढे चाकं रुतायची. त्या खडकापासून घरागणिक एक पिंप, एकाला एक चिकटून, अशी रांग असायची. मी जुन्या बायकांना सभागृहात बोलावलं आणि कुणाचं पिंप कितवं ते विचारलं. अकरा जणी पहिल्या निघाल्या. माझं डोकंच फिरलं.

"तुमचे नंबर घाला चुलीत," मी म्हटलं. "तुझ्या पुढे कोण होती? तू रोज कुणाला शिव्या घालायचीस, तेवढं सांग."

मग काय, आठवणींना ऊत आला. लेओन्सिया, जी झेनोबियाशी कित्येक वर्षं बोलत नव्हती, तीही तोंड उघडून म्हणाली, "माझ्या पुढे ही. हिचं फुगलेलं पिंप माझी अर्धी जागा खायचं."

"फुगलेलं नव्हतं. तुझंच वाकडं होतं," झेनोबिया म्हणाली.

रविवारी श्रमदान असतं, घरटी एका माणसाने यावंच लागतं. मी या वेळी श्रमदानात पिंपांची जुनी रांग लावायचं काम काढलं. वरच्या नव्या वस्तीत अजून टँकरचंच पाणी, त्यामुळे पिंपांना तोटा नव्हता. त्या लोकांनी ती गडगडत खाली आणून दिली. प्रत्येक बाई, पूर्वी जी पुढे असायची तिच्या पाठीमागे, आपलं पिंप लावून उभी राहिली. मेलेल्यांच्या जागी लेकी उभ्या राहिल्या. झेनोबियाचं पिंप तेविसावं आलं.

ती वर चालू लागली आणि मी मोजू लागले. सातव्या पावलाला लेओन्सिया ओरडली, "अशी नव्हतीस चालत. हातात तो होता ना."

झेनोबिया थांबली. मागे आली. हातांची घडी छातीशी धरली आणि पुन्हा निघाली, सावकाश, लहान लहान पावलांनी. विसाव्या पावलाला ती उभी राहिली. उर्बिनाने तिच्याभोवती चुन्याची चौकट आखली, आम्ही पहिल्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाचा तुकडा आखला होता तशीच. मग कागदावर लिहायला त्याने नाव विचारलं.

"नाव नाही ठेवलं," झेनोबिया म्हणाली. "त्या आठवड्यात टँकर आलाच नाही. माझ्या पिंपात थेंब नव्हता. बाप्तिस्म्याला पाणी नाही, मग नाव कसं ठेवणार?"

लेओन्सिया रांगेतून वर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"माझ्या पिंपात होतं," ती म्हणाली. "अर्धं. मी झाकण लावून त्यावर बसून राहिले. तू मागितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. मग तुझ्या तोंडाकडे बघवेना."

मला तिचा राग आला आणि कीवही आली. माझ्याही पिंपात तेव्हा चार तांबे पाणी होतं. लेओन्सिया खाली गेली. एका पिंपाच्या तळाला पाणी उरलं होतं, ते मगात काढून ती हळूहळू चढत आली आणि तिने तो झेनोबियाच्या हातात दिला. झेनोबिया चौकटीत वाकली.

"आनाक्लेतो," तिने सांगितलं, आणि पाणी ओतलं.

माझं रेकॉर्डिंग चालूच होतं. अठ्ठ्याऐंशीवी आठवण म्हणून तेच ठेवलंय. पाणी पडल्याचा आवाज त्यात येत नाही, वाळू लगेच पिते. नाव मात्र स्पष्ट ऐकू येतं.