मास्तर उभे राहिले

तपासणीच्या बाई येणार म्हणून

आम्ही घर लख्ख आवरलं. रबरी चादर धुऊन गच्चीत वाळत घातली. कमोडची खुर्ची माझ्या पलंगामागे लपवली आणि वर जुना पडदा टाकला. मलमांच्या ट्यूबा, हातमोजे, डायपरचं पाकीट, लघवीचं भांडं, सगळं कपाटात कोंबलं. कपाटाचं दार लागेना, म्हणून त्याला स्टूल टेकवलं. खिडक्या उघडल्या. बाबांच्या खोलीला औषध, पावडर आणि माणूस मिळून एक वास येतो, तो बाहेर घालवला.

कुणी येणार म्हटलं की घर आवरायचं, हे आमच्या हाडातच आहे. पण बाई काही पाहुण्या नव्हत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी घरी मदतनीस पाठवणारं एक केंद्र आहे, त्या तिथल्या. कुणाला रोज मदत लागते आणि कुणाचं आठवड्यातून दोनदा भागतं, हे घरोघर जाऊन, बघून त्या ठरवतात. मागणारी घरं फार आणि मदतनीस मोजक्या, त्यामुळे बघणंही कडक.

आमच्याकडे रोज सकाळी जी येते, ती रोज येत राहणार का, याचा निकाल त्या दिवशी लागायचा होता.

जी येते ती

हवालदार. हे नाव बाबांनी ठेवलं. मी तिला ताई म्हणते. ती दारातूनच आवाज देते, "मास्तर, उठायचं," आणि बाबा म्हणतात, "आले हवालदार. आता झडती." झडती म्हणजे अंग बघणं. पाठ, कंबर, टाचा, कुठे कातडी लाल झाली आहे का. कुठे लाल दिसलं की ती दिवसभर स्वतःवरच चिडलेली असते.

बाबा शिंपी. बाजाराच्या तोंडाशी दुकान होतं, अख्खा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा. शिवता शिवताच झटका आला आणि डावी बाजू गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली.

"नेमकं जायचं ते राहिलं," हवालदार म्हणते.

"तुला उत्तर द्यायला कुणीतरी हवं ना," बाबा म्हणतात.

मी बेकरीत काम करते. सकाळी ती जिना चढते तेव्हा मी उतरत असते. ती आली नाही तर मला जाता येत नाही. म्हणजे एक तर माझं काम सुटणार, नाही तर बाबा शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात जाणार. तिसरी वाट मी पुष्कळ शोधली होती.

आणि हवालदारनेही

चूक केलीच. त्या दिवशी ती लवकर आली. बाबांची दाढी केली, नखं कापली, इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना पाणी लावून भांग पाडला.

"लग्नाला नेतेस का मला?" बाबांनी विचारलं.

"कोण पसंत करणार आहे? गप्प बसा, हनुवटी वर."

"ताई, एवढं कशाला?" मी म्हटलं.

"माझा पेशंट आहे. कुणी येऊन बघितलं तर तोंडातून निघायला हवं, यांचं कोण करतं बाई."

मलाही तेच हवं होतं. ती आल्यापासून बाबांच्या पाठीला एक जखम नाही. मी रात्री झोपते. कामावरून आल्यावर बाबांशी भांडते, तेही खेळीमेळीने, कारण भांडायला अंगात त्राण उरलेलं असतं. हे सगळं तिचं देणं आहे. ते बाईंना दिसावं, त्यांनी खूश व्हावं आणि म्हणावं, राहू दे ही इथेच. आमचा हिशोब इतका साधा होता.

मग बाई दारातून आत आल्या आणि

बाबा उभे राहिले.

कसे राहिले ते मला अजून सांगता येत नाही. त्यांना आम्ही दोघी मिळून खुर्चीत बसवलं होतं, समोर टेबल. त्यांनी उजवा हात टेबलावर रोवला, दातओठ खाल्ले आणि उठले. झटक्यानंतर ते स्वतःहून कधीच उठले नव्हते. मी हवालदारकडे बघितलं. ती माझ्याकडे बघायला थांबलीच नाही, सरळ बाबांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

दुकानात गिऱ्हाईक आलं की मास्तर उभे राहायचे. बसल्या जागेवरून बोलणारा शिंपी कापडही बसूनच कापणार, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत ते कधी बसले नाहीत.

"या, बसा."

"अहो काका, तुम्ही बसा ना."

"आधी तुम्ही."

बाई बसल्या. बाबा उभेच.

"तब्येत काय म्हणते?"

"ती काय म्हणणार. हा कोट तयार घेतलात ना?"

"हो. का?"

"खांद्यात पोतं झालंय."

बाई हसल्या. "मदत कशाकशाला लागते तुम्हाला?"

"मदत कसली. ही मुलगी आणि ही हवालदार, दोघी मिळून माझ्यावर राज्य करतात."

"अंघोळ वगैरे?"

"रोज."

"रात्री झोप?"

"दुकान बंद झाल्यापासून झोपच झोप."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खरं मात्र त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

बाईंनी पाहिलं

स्वच्छ घर. वास नाही. उभा माणूस, दाढी केलेला, विनोदी. शेजारी मुलगी आणि मदतनीस, दोघी हसऱ्या.

बाईंनी पाहिलं नाही

टेबलाखाली बाबांची पोटरी लटलटत होती. पाठीमागे हवालदारने त्यांच्या कमरेचा पट्टा मुठीत धरला होता, आणि मुठीत पट्टा नव्हता, अख्खे बाबा होते. तिच्या मनगटावरची शीर दोरीसारखी वर आली होती. चेहरा मात्र फोटो काढायला उभं राहावं तसा.

बाई निघाल्या. जिन्यावरची पावलं विरली.

"गेल्या?" बाबांनी विचारलं.

"गेल्या."

मग ते पडले. पडले असंही नाही, ओघळले. आम्ही दोघींनी झेललं. पँट ओली झाली होती. जमिनीवरच, माझ्या मांडीवर डोकं ठेवून ते म्हणाले, "चांगली आहे बाई. पण कोट वाईट."

पुढच्या आठवड्यात फोन आला

आणि पलीकडून माझं अभिनंदन झालं. बाबांची प्रगती उत्तम आहे. यापुढे मदतनीस आठवड्यातून दोनदा येईल.

मला त्या दिवशी सुट्टी होती. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. हवालदार बाबांचा भात मऊ करत होती.

"ताई, तू त्या वेळी का नाही बोललीस?"

"तू का नाही बोललीस? बाप तुझा."

"पेशंट तुझा."

ती चमचा हलवत राहिली. "मान ताठ ठेवून उभा होता माणूस. त्याच्या पाठीमागून मी कशी सांगू, की अहो, यांना मी धरलंय म्हणून?"

मीही तेवढ्यासाठीच गप्प बसले होते. इतकं छान केलं तिने बाबांचं, की तिची गरजच दिसेना. आणि ते दाखवायला घर कुणी आवरलं, तर मी.

मी केंद्राला पुन्हा फोन लावला. जे घडलं ते बाईंना सांगितलं, पट्ट्यासकट. त्यांनी पट्ट्याचं पुन्हा एकदा विचारलं. मग म्हणाल्या, "परत येते. सकाळी, तुमचं काम चालू असताना. आणि एक करा. काही आवरू नका."

बाबांना सांगितल्यावर

ते लाल झाले.

"परक्या बाईसमोर? चड्डीवर?"

"मी काय तुमच्या आत्याची मुलगी होते?" हवालदार म्हणाली.

"तुझं वेगळं."

"पहिल्या दिवशी वेगळं नव्हतं. मला साबण फेकून मारला होतात."

"लागला नाही ना?"

"नेम डावा."

बाबा हसले नाहीत. "नाही म्हणजे नाही. मला टाका त्या शुश्रूषागृहात. तिथे निदान ओळखीचं कुणी नाही. मी मास्तर आहे, हे तिथे कुणाला ठाऊकच नसेल."

मग ते हवालदारला म्हणाले, "मला भिंतीकडे वळव. मला तुमच्याशी बोलायचं नाही."

तिने त्यांना वळवलं. गुडघ्यांच्या मध्ये उशी दिली, डावा हात अंगाखाली येत नाही ना ते बघितलं, चादर सारखी केली.

"नीट रुसता येतंय का?" तिने विचारलं.

"येतंय."

मी दारात उभी. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून दोन्ही थोडं थोडं केलं.

हवालदारने तेलाची बाटली घेतली आणि त्यांची पाठ चोळायला बसली. बऱ्याच वेळाने, पाठीशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मास्तर, दुकानात कोटाची ट्रायल असायची ना?"

तिने तळहातावर आणखी तेल घेतलं.

"कच्चे टाके, एकच बाही, खडूच्या रेघा, जागोजागी टाचण्या. चांगल्या चांगल्यांना आरशासमोर तसंच उभं करायचात म्हणे."

"करावंच लागतं," भिंतीकडून आवाज आला. "पक्कं शिवून झाल्यावर काय दुरुस्त करणार? कपाळ?"

"मग बाईंना आपण पक्का शिवलेला दाखवला. सैल कुठे आहे ते त्यांना कळायचं कसं?"

ती चोळत राहिली.

"हवालदार."

"काय?"

"ट्रायलला गिऱ्हाइकालाही लाज वाटायची. मी आरशाकडे पाठ करून उभा राहायचो."

"मग बाईंनाही सांगू, जरा पाठ करा म्हणून."

"नको," बाबा म्हणाले. "त्यांना बघायला लागेल." आणि मग, "इकडे वळव आता. मान अवघडली."

दुसऱ्या वेळेला बाई भिंतीशी उभ्या राहिल्या आणि

हवालदारने पांघरूण काढलं, बाबांचा उजवा गुडघा वाकवला, डावा वाकवला, एक हात खांद्यामागे आणि एक कमरेखाली घालून त्यांना कुशीवर घेतलं, पाठ बघितली, टाचा बघितल्या, ओलं काढलं, कोरडं घातलं, पाय पलंगाखाली सोडले, धड वर घेतलं, धड डावीकडे कलंडलं ते स्वतःच्या खांद्यावर झेललं, "मास्तर, श्वास घ्या," मास्तरांनी श्वास घेतला, मी खुर्ची सरकवली, ती सरकली नाही, चाकाखाली चप्पल आली होती, चप्पल काढली, तिने पट्टा धरला, "उजव्या पायावर भार, माझ्याकडे बघा, खाली नाही," आणि बाबा उठले, अर्धे, आणि वळले, पाव, आणि डावा पाय मागेच राहिला, पिळवटून.

इतक्यात बाईंनी कोट काढून पलंगावर टाकला. त्यांनी मला विचारलं नाही, हवालदारलाही नाही.

"काका, तो पाय मी धरू?"

बाबा घामाने निथळत होते. चड्डीवर होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"धरा. जड आहे. माझाच आहे, पण माझं ऐकत नाही."

बाई खाली बसल्या. दोन्ही हातांनी पाऊल उचललं, सरळ केलं, टेकवलं. त्यांना ते जमत होतं. आधी कधीतरी हे काम केलेलं असणार. बाबा खुर्चीत बसले. आम्ही चौघंही धापा टाकत होतो, आणि ही नुसती सकाळची सुरुवात होती.

"बाई," बाबा म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही ज्याला उभा बघितलात तो मी नव्हे." उजव्या हाताने त्यांनी हवालदारकडे बोट दाखवलं. "ही उभी होती."

हवालदारला एकदम आठवलं की टॉवेल आणायचा आहे. ती टॉवेल आणायला गेली, तो तिच्या खांद्यावरच होता.

बाईंनी

सगळी अंघोळ बघितली. घास भरवणं बघितलं. निघताना त्यांनी तिथेच सांगितलं, "रोज सकाळची मदत चालू राहील, ते मी बघते. रविवार मात्र मला देता येणार नाही. माणसंच नाहीत हो."

"रविवारी मी आहे," मी म्हटलं. मला त्यांचे हात धरायचे होते, पण माझे ओले होते. तरी धरले.

दार लागल्यावर मी हवालदारचे आभार मानायला गेले. पाठ केलेलं एक लांबलचक वाक्य होतं माझ्याकडे, बरेच दिवस साठवलेलं. ती बादली उपसत होती.

"ताई, तू नसतीस तर..."

"नसते तर दुसरी कुणी असती. सरक, पाय भिजतील तुझे. आणि कामाला जाणार आहेस की नाही? बेकरीवाला वाट बघत बसणार आहे का तुझी?"

खोलीतून बाबा ओरडले, "हवालदार, तिला बोलू दे की. बोलण्यासारखंच आहे ते."

ती बादली ठेवून उभी राहिली. मी बोलले. पाठ केलेलं सगळं विसरले, भलतंच काहीतरी बोलले, मी रात्री झोपते वगैरे. तिने ते ओले हात लोंबते ठेवून, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"बरं वाटलं," ती म्हणाली. "जा आता."

मी जिना उतरले. उशीर झाला होता. वर दोघांचं सुरू झालं होतं, कुठला शर्ट घालायचा यावरून. बाबांना निळाच हवा होता आणि निळा वाळला नव्हता. रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत होतं. मग येईना, आणि मी पावलं उचलली.