मंजुषाताईंच्या कमरेवरचा व्रण

ताडकळसच्या समाजमंदिरात मंजुषाताई सहा वर्षांपासून सकाळचा योगवर्ग घेत होत्या. नव्या बायका आल्या की आधी त्या आपली हकीकत सांगायच्या. "मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनशिवाय इलाज नाही. मी नको म्हणाले, आसनं धरली. आता बघा." आणि वाकून सहज पायाचे अंगठे धरून दाखवायच्या.

गादी सरकली होती हे खरं. पण ऑपरेशनही झालं होतं, नांदेडला. आसनं त्यानंतरची. पहिल्याच वर्गात कुणीतरी विचारलं होतं, "नुसत्या आसनानं बरं झालं का ओ?" आणि त्या "हो" म्हणून गेल्या. पुढं ते मागं घ्यायला जमलं नाही. वर्गाच्या फ्लेक्सवरही तेच छापलं गेलं.

दोन वर्षांपूर्वी बायनाबाई वर्गात आल्या. वय पंचावन्न, जन्म निंदणी-खुरपणीत गेलेला. कंबर धरलेली, उजव्या पायात कळ. परभणीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. मुलगा परमेश्वर तयार होता, पण बायनाबाईंनी त्याला सांगितलं, "मंजुताईनं केलं का आपरेशन? मग मी कशाला करू?"

हे त्यांनी वर्गात हसत हसत सांगितलं. मंजुषाताईंनी ऐकलं आणि श्वास घ्यायला, सोडायला सांगितलं.

महिन्याभरानं बायनाबाई म्हणाल्या, "ताई, चप्पल पायातून निसटायलीय, कळंना बी."

 नस दाबली गेली की असं होतं, हे मंजुषाताईंना स्वतःच्या दुखण्यातून ठाऊक होतं.

"मावशी, एकदा डॉक्टरांना दाखवून या."

"तुमी गेल्ता का?"

वीस बायका बघत होत्या. मंजुषाताई म्हणाल्या, "आपण आसनं हळूहळू वाढवू."

पंधरा दिवसांनी बायनाबाई बसस्टँडवर पडल्या. पाऊल उचलतच नव्हतं. परमेश्वरनं गाडी करून त्यांना नांदेडला नेलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं, पायात पूर्वीची ताकद येईल असं सांगता येत नाही.

बायनाबाई घरी आल्यावर मंजुषाताई भेटायला गेल्या. घरात दोघीच होत्या. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं होतं, पण ते बाजूलाच राहिलं. शेवटी त्यांनी पाठ फिरवली आणि कमरेवरचा पदर बाजूला केला.

 बायनाबाईंची खरखरीत बोटं ऑपरेशनच्या व्रणावरून फिरली.

"हे तर माझ्यावाणीच हाय."

"हो मावशी. मी खोटं बोलले. सगळ्यांशीच."

"मला तरी तेवढं सांगाया पायजे व्हतं बाई. पोरगं तवाच दवाखान्यात न्यायलं व्हतं."

त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मंजुषाताईंनी वर्गात सगळं सांगितलं. कुणी खाली बघितलं, कुणी सतरंजी गुंडाळून निघून गेलं. महिन्याभरात वर्ग निम्म्यावर आला. फ्लेक्स त्यांनी स्वतः उतरवला. आता नवी बाई आली की त्या आधी विचारतात, डॉक्टर काय म्हणाले? आसनांनी माझी कंबर आजवर सांभाळली, असं त्या सांगतात, पण बरी केली ऑपरेशननं. दर वेळी कान तापतात.

दुपारी त्या बायनाबाईंकडं जातात. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलेले पायाचे व्यायाम करून घेतात. परमेश्वर असला तर उठून बाहेर जातो. बायनाबाई काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात, पाऊल अजून फरफटतं. बोलणं कामापुरतंच.

परवा निघताना बायनाबाईंनी हाक मारली. मंजुषाताई दारात थबकल्या.

"उद्या लवकर या. मला बाजाराला जायचंय. संगं कुणी न्हाई."

मंजुषाताईंनी मान हलवली. वर बघायचं धाडस त्यांचं झालं नाही.