तीन वाजताची आई

त्या वर्षी साथीमुळे कॉलेज टेबलाच्या कोपऱ्यात येऊन बसलं होतं. सर फोनमधून चित्रकला शिकवायचे आणि अख्खा वर्ग बोटभर चौकटींतून माना डोलवायचा. चिमीच्या खोलीत तैलरंगांचा आणि टर्पेंटाइनचा वास, खिडकीबाहेर रिकामा रस्ता, आणि दुपार अशी लांबलेली की घड्याळालाही डुलकी लागावी.

सरांनी काम दिलं होतं: घरातल्या माणसाचं पोर्ट्रेट, फोटोवरून नाही, समोर बसवून. चिमीला हवी होती आई. पण आई नर्स, चाळीस दिवस हॉस्पिटलजवळच्या वसतिगृहात अडकलेली. ती सापडायची फक्त तीन वाजता, दहा मिनिटं, व्हिडिओ कॉलवर. बाबा हौसेनं म्हणाले, "मी बसतो की!" पण पाचव्या मिनिटाला ते घोरायला लागले आणि त्यांची उमेदवारी बाद झाली.

मग आईच. एका दिवशी नाक, दुसऱ्या दिवशी हनुवटी. कॉल संपला की चिमी डोळे मिटून बसायची आणि आई रंगांतून तरंगत यायची. चित्र पुरं झालं की आई घरी येणार, असं तिच्या वेड्या मनानं परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

सर रोज फोनवर चित्र बघायचे. "चेहरा निळसर पडलाय. ऊब आण." चिमी पिवळा चढवायची. "अजून निळसर." चिमी लाल चढवायची. तो निळा रंग चित्रात नव्हताच, फोनचा कॅमेरा आपल्या मनानं तो घालत होता. पण हे सांगणार कोण? महिन्याभरानं सर खूश झाले. "आता जमलं! शुक्रवारी पाचपर्यंत जमा कर." स्क्रीनवर आई खरंच सुरेख दिसत होती. नुसत्या डोळ्यांनी कॅनव्हासकडे बघणं चिमीनं केव्हाच सोडलं होतं.

शुक्रवारी दुपारी आई आली. न कळवता. आंघोळ करून, ओले केस मोकळे सोडून ती खोलीच्या दारात उभी राहिली. नाकावर मास्कचा काळपट वळ, गाल बसलेले, डोळ्यांखाली राखाडी छटा. चित्रातली आई मात्र संत्र्यासारखी टवटवीत.

"अगंबाई, मी इतकी छान दिसते?" आई हसली. "हेच दे गं. माझ्यापेक्षा ही बरी आहे."

"ही तू नाहीस," म्हणताना चिमीला रडूच फुटलं. आईनं तिला घट्ट जवळ घेतलं, डोळे पुसले, खुर्चीत जराशी टेकली आणि तिथंच गाढ झोपली.

चिमीनं रंगकामाचा चाकू उचलला आणि चित्रातल्या चेहऱ्यावरचे ओले थर खरवडून काढले.

"अगं, सरांनी पास केलेलं चित्र ना ते!" बाबा दारातून कुजबुजले.

"बाबा, बाजूला व्हा. उजेड अडतोय."

पाच वाजता सरांचा व्हिडिओ कॉल आला. "कुठंय चित्र?" चिमीनं फोन आधी झोपलेल्या आईकडे वळवला, मग अर्ध्या चेहऱ्याच्या कॅनव्हासकडे.

"सर, हा नाकावरचा वळ किती गडद ठेवू?"

"मला काय विचारतेस?" सर हळूच म्हणाले. "मला इथून काही नीट दिसत नाही. कधीच दिसलं नाही बहुतेक. आई तुझ्यासमोर आहे, तू बघ. जमा करायचं नंतर पाहू."

चिमीनं फोन पालथा ठेवला आणि आईकडे बघत राहिली.