मी, कधीच न उडालेली बंदूक

मी बंदूक बोलतेय. दचकू नका, हात वर करायचीही गरज नाही. जन्माला आल्यापासून माझ्यातून एकही गोळी सुटलेली नाही आणि सुटणारही नाही. माझी नळी आतून भरीव आहे. तोंडाशी बोटाचं एक पेर जाईल एवढंच भोक, पुढे सगळं लोखंड. पण चार पावलांवरून बघाल तर इंग्रजांच्या काळातली थ्री नॉट थ्री म्हणतात ती हीच, असं छातीठोकपणे सांगाल. या रुबाबाचा मला गर्व होता. होता म्हणजे, चांगलाच होता.

२०१४ साली डहाणू रोडजवळ सरावलीला जीवनभाईंच्या कारखान्यात मी तयार झाले. जीवनभाई पोटासाठी खिडक्या-दरवाजे करायचे, पण त्यांचा जीव अडकलेला जुन्या बंदुकांत. न उडणाऱ्या, पण हुबेहूब. जुन्या वस्तू जमवणारे हौशी लोक आणि ऐतिहासिक नाटकं करणारी मंडळी लांबून त्यांना शोधत यायची. माझा दस्ता सागाचा. तो कानशीने घासून, जवसाचं तेल पाजून गुळगुळीत केला लडक्याने. तलासरीकडच्या एका पाड्यावरून तो रोज एसटीने कामाला यायचा आणि घासताना माझ्याशी गप्पा मारायचा.

मला मागवणारे गृहस्थ भिंग घेऊन आले. वरून खाली, खालून वर पाहून म्हणाले, "दस्त्यात गाठ आहे. मूळ बंदुकीत अशी नसते."

झालं, मी नापास! मूळ बंदुकीने काय काय केलं असेल ते कोणी विचारलं नाही. माझ्या लाकडातली एवढीशी गाठ मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत खुपली. जीवनभाई हसून म्हणाले, "लडक्या, तूच घेऊन जा. तुमच्या नाटकात कामाला येईल. एकदम सरस आहे, काय बिघडलं नाय तिला."

अशी मी पोत्यात गुंडाळून पाड्यावर पोचले.

होळीला तो पाडा भरतो. वीटभट्टीवर गेलेले, बोटीवर गेलेले, सगळे घरी येतात. दुसऱ्या दिवशी लडक्याची मंडळी अंगणातच नाटक करतात. वेठबिगारीच्या दिवसांतली पाड्याचीच गोष्ट. पांड्या नावाचा माणूस जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायला नकार देतो. जमीनदार शिपाई पाठवतो. शिपाई बंदूक रोखतो. पांड्या हलत नाही. शेवटी शिपाई हवेत बार काढून निघून जातो. शिपाई व्हायचा मिथुन, आणि त्याच्या हातात मी. माझा आवाज मला नाहीच, म्हणून हाल्या झोपडीमागे सुतळी बॉम्ब लावायचा. तो नेहमी थोडा उशिराच फुटायचा. लोक मला बघून शिव्या घालायचे आणि नाटक संपलं की मलाच हातात घ्यायला धावायचे. माणसांची एक गंमत सांगते. ज्याने उभ्या आयुष्यात बंदूक पाहिली नाही तोसुद्धा मला उचललं की पहिल्यांदा एक डोळा मिटतो.

एकच बाई कधी आली नाही. लडक्याची आजी, नवशी. पांड्या हा तिचा बाप. शिपाई आले तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती आणि धान्याच्या कणगीत लपली होती. बापाला एकट्याला सोडून आपण लपलो, हे तिच्या मनातून आयुष्यभर गेलं नाही. मला तर तिने घरात घ्यायचंच नाकारलं. "ते लोखंड ओट्यावर ठेव," म्हणाली. चार वर्षं मी ओट्यावर काढली. मला फार अपमान वाटायचा, पण काय करते?

२०१९ च्या मार्चात निवडणूक जाहीर झाली आणि पोलीस पाटलाने पाड्यावर नोटीस वाचून दाखवली, की ज्याच्याकडे बंदूक असेल त्याने ती ठाण्यात जमा करावी. कागदाच्या बाबतीत आमचा पाडा भलता सावध. एकदा कागद वाचला की तो आपल्यासाठीच, असं धरून चालायचं. दुसऱ्याच दिवशी लडक्याने मला धुवून पुसून ठाण्यात नेलं.

हवालदार हसायला लागला. "अरे बाबा, ही चालत नाही ना?"

"चालत नाय, पण बंदूक तर हाय ना, साहेब? मागून तुम्हीच म्हणाल, लपवली."

समोरचा माणूस स्वतःहून जमा करतोय म्हटल्यावर हवालदाराने पावती फाडली. मी शेतराखणीच्या खऱ्या बंदुकांशेजारी जाऊन उभी राहिले. खरं सांगते, हरखून गेले. सरकारी शिक्क्यानिशी मी बंदूक ठरले होते!

पण परत मिळणार निकालानंतर, म्हणजे मे संपता संपता. आणि होळी आठवड्यावर आलेली. होळी झाली की माणसं पुन्हा भट्टीवर आणि बोटीवर. मिथुनने तालमीला बांबूची काठी घेतली. पुढे काय झालं ते ठाण्यातच माझ्या कानावर पडलं, कारण तिसऱ्या दिवशी लडक्यासोबत नवशी आजी स्वतः तिथे हजर झाली. ओट्यावरून ती तालीम बघत होती म्हणे, आणि काठी बघून तिचं डोकंच फिरलं.

"मॅडम," ती फौजदार बाईंना म्हणाली, "काठीसमोर कोण पण उभा राहील. माझा बाप काठीसमोर नाय उभा राहिला. ती बंदूक द्या."

बाई म्हणाल्या, "आजी, बंदूक असेल तर देता येणार नाही. बंदूक नसेल तर ठेवता येणार नाही. काय आहे ते लिहून द्या."

बाईंनी मला मागवलं, खटका ओढला, मोबाईलची बॅटरी नळीत मारली. नवशी आजी पुढे सरकली. ज्या काळ्या भोकाच्या भीतीने ती कणगीत शिरली होती, त्यात तिने बोट घातलं. पेरभर गेलं आणि अडलं.

"अगं बाई, बंद हाय ही!" ती एवढी हसली की हवालदारही हसला.

मग लडक्याने लिहून दिलं, 'सदर वस्तू बंदूक नसून नाटकाचे सामान आहे.' नवशी आजीने खाली अंगठा उमटवला. माझा सगळा तोरा त्या एका ओळीत उतरला. फौजदार बाईंनी बजावलं, "माईक लावायचा नाही, आणि कुठल्या पुढाऱ्याचं नाव नको." आम्ही सुटलो.

होळीच्या दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना नाटक लागलं. नवशी आजी सगळ्यांत पुढे. मिथुनने मला रोखलं, समोर पांड्या झालेला लडक्या. आणि बार काढायच्या वेळी आजी उठली, चालत आली आणि लडक्याच्या शेजारी उभी राहिली.

"आजी, बाजूला हो," मिथुन कुजबुजला, "बार काढायचाय."

"काढ की. तेव्हा लपले. आज नाय लपत."

हाल्याच्या हातातली काडी विझून गेली, तरी त्याला कळलं नाही. माझं तोंड नेमकं तिच्या छातीवर होतं आणि ती माझ्याकडे सरळ बघत होती. ती माझ्या पोटातलं सगळं जाणून होती, तरी तिचे पाय कापत होते. मिथुनने मला खाली घेतलं, जमिनीवर ठेवलं आणि तो तिच्या पाया पडला. तिने लडक्याचा दंड धरला आणि रडत रडत हसली. "बा, मी आले रे," एवढंच म्हणाली.

खरी नसल्याचा मला त्या दिवशी जो आनंद झाला, तो सांगता येत नाही. त्याला वर्ष होत आलंय, मी आता आत, तिच्या घरात असते. जुन्या वस्तूंच्या शौकीन मंडळींना एकच विनंती आहे. आमच्या जातीतली एखादी घरी आणलीत तर तिला कपाटात कोंडू नका. ज्याला कधीतरी पळावं लागलं होतं, अशा माणसासमोर तिला एकदा धरा. त्याला उभं राहू द्या.