कडी लावायची कुणी?

घरात काही बिघडलं की आपण आधी माणूस शोधतो. दूध उतू गेलं, गॅसजवळ कोण होतं? नळ वाहत राहिला, शेवटी हात कुणी धुतले? माणूस सापडला की आपल्याला बरं वाटतं, निम्मं काम झाल्यासारखं. दूध सांडलेलं ते सांडलेलंच असतं, पण आता ते कुणाच्या तरी नावावर सांडलेलं असतं. तुमच्याआमच्या सगळ्यांच्या घरी हे चालतं, आणि दुधापुरतं असतं तोवर चालूनही जातं. ही गोष्ट मात्र दुधाची नाही.

एक फरशीवाले होते. त्यांचं फरश्यांचं मोठं दुकान होतं, आणि घराच्या मागच्या अंगणात त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून पोहण्याचा तलाव बांधून घेतला होता. निळी फरशी, मधूनच एक गडद पट्टी, आणि कडा अशी सपाट की अंगण कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं ते चटकन कळू नये. गिऱ्हाईक दुकानातले नमुने उलटेपालटे करून कंटाळलं की फरशीवाले त्याला गाडीत घालून घरी आणत. "मला बोलावं लागत नाही," ते म्हणत, "तलावच बोलतो."

घरात माणसं मोजकी. बायको दातांची डॉक्टर, सकाळी नऊला दवाखान्यात गेली की संध्याकाळी येणारी. आई गुडघ्यांनी बेजार, पण कान आणि जीभ शाबूत. अकरा वर्षं स्वयंपाक करणाऱ्या मावशी. आणि एक कुत्रा. त्याचं नाव बोका. पिंपासारखं अंग, आखूड पाय, जड डोकं, आणि दिवसभर उशीवर अंगाचं मुटकुळं करून झोपायची सवय, म्हणून फरशीवाल्यांच्या आईने हे नाव ठेवलं होतं. अनोळखी माणसाला ते नाव ऐकून हसू येई. बोक्याला त्याचं काही वाटत नसे.

दर सोमवारी तलावाचं पाणी तपासायला एक बाई यायच्या. त्यांना सगळे पाण्याच्या बाई म्हणत. पंप बघायचा, गाळणी धुवायची, छोट्या नळीत पाणी घेऊन औषध टाकून रंग बघायचा, असं त्यांचं काम. वीस वर्षं दुसऱ्यांचे तलाव साफ करताना त्यांनी पानांबरोबर बरंच काही बाहेर काढलं होतं. तलाव नवा होता तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "साहेब, चारी बाजूंनी कुंपण घाला. घरात कुत्रं आहे."

"एवढी कडा साधली ती गजाआड कोंडायला?" फरशीवाले हसले होते. "आणि कुत्र्याला पोहायला कुणी शिकवावं लागतं का, बाई?"

"पोहायला नाही लागत. बाहेर यायला लागतं."

फरशीवाल्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पण अगदीच काही केलं नाही असं नको म्हणून त्यांनी मागच्या दारावर एक कागद चिकटवला. त्यावर जाड अक्षरांत लिहिलं, "कडी लावा." ती कडी घट्ट होती. एका हाताने दार ओढून धरावं तेव्हा दुसऱ्या हाताने ती बसायची. ती सैल करायचं काम पुढच्या रविवारी व्हायचं होतं. तो रविवार वर्षभर पुढेच सरकत होता.

एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला मावशी धुतलेल्या फडक्यांची बादली घेऊन मागे गेल्या. फडकी वाळत घातली, परत येताना एका हातात बादली, दुसऱ्या हातात काढलेले टॉवेल. दार त्यांनी पायाने ढकललं. ते लागल्यासारखं वाटलं. मग मिक्सर सुरू झाला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. फरशीवाल्यांच्या आई आपल्या खोलीत टीव्हीसमोर होत्या. साडेबाराला मावशी टॉवेलांच्या घड्या करायला उठल्या, तर उशीवर बोका नव्हता आणि मागचं दार वीतभर उघडं होतं.

मावशींना पोहता येत नाही. त्यांनी पानं काढायची लांब दांड्याची जाळी घेतली, बोक्याला कडेशी ओढला, पालथ्या पडल्या आणि पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून त्याला वर घेतला. बावीस किलोचा ओला जीव. कडेवर घासून त्यांचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला. त्यांनी बोक्याला उलटा धरला, पाठ चोळली, टॉवेलात गुंडाळला. तो गेलेलाच होता.

फरशीवाले दुकानातून धावत आले. त्यांनी बोक्याकडे पाहिलं, मावशींच्या हाताकडे पाहिलं की नाही कोण जाणे, आणि एवढंच विचारलं, "दार कुणी उघडं ठेवलं?"

"मी," मावशी म्हणाल्या.

"कागद लावलाय ना तिथे? एवढं मोठं लिहिलंय."

संध्याकाळी फरशीवाल्यांनी त्यांना सांगितलं, "मावशी, उद्यापासून येऊ नका. मला तुमच्याकडे बघवणार नाही." ती अकरा वर्षं जणू कधी नव्हतीच अशा रीतीने मावशींनी आपली पिशवी उचलली आणि त्या गेल्या. फरशीवाले रात्री जेवले नाहीत. त्यांना दुःख झालं नव्हतं असं मुळीच नाही; बोका त्यांचा जीव होता. पण खापर फोडायला एक डोकं मिळालं होतं, आणि त्यामुळे ते दुःख सोसणं थोडं सोपं झालं होतं.

सोमवारी पाण्याच्या बाई आल्या. फरशीवाल्यांनी त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे दाराचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. पाण्याची पातळी थोडी उतरवायला त्यांनी पंप चालू केला, आणि तासाभराने त्यांनी हाक मारली.

"साहेब, जरा इकडे या. गुडघ्यावर बसा. फरशीवर नका बघू, सांध्यांत बघा."

चकचकीत फरशीवर नख उमटत नाही. पण दोन फरश्यांच्या मधल्या पांढऱ्या भरावावर उमटतं, हे फरशीवाल्यांना कुणी सांगायला नको होतं. खोल टोकाला, पाण्याच्या रेषेशी, दोन हात रुंदीच्या पट्ट्यात भराव खरवडून निघाला होता. काही ठिकाणी पार आतला सिमेंटचा थर दिसत होता.

"बाकी सगळी कड मी पाहिली," बाई म्हणाल्या. "एक ओरखडा नाही. पायऱ्या त्या तिकडच्या कोपऱ्यात आहेत. तिथे तो गेलाच नाही. इथेच झगडत राहिला. असा का, ते मला कळेना. तुम्ही संध्याकाळी बसता कुठे?"

फरशीवाल्यांनी मान वर केली. त्यांची वेताची खुर्ची त्या ओरखड्यांच्या बरोबर वर होती. रोज संध्याकाळी दुकानातून आले की ते इथे चहा घेऊन बसत. बोका पाण्यात उडी टाकी, एक चक्कर मारून खुर्चीपाशी येई, आणि ते वाकून त्याला पट्ट्याला आणि पोटाला धरून वर उचलत. चार वर्षांत त्याला पायऱ्यांवरून बाहेर यायची गरज कधी पडलीच नव्हती.

"त्याला एकच वाट ठाऊक होती," फरशीवाले हळूच म्हणाले.

"हो. ती म्हणजे तुमचे हात."

मग बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला छळायला नाही सांगत. पण मावशींना काढलंत असं कळलं. उद्या दुसरं कुत्रं आणाल, दुसऱ्या मावशी ठेवाल, तोच कागद ठेवाल. फार तर पाण्यावर ताणायची ती प्लास्टिकची चादर घेतो म्हणाल. त्या चादरीखाली अडकलेलं मांजर मी काढलंय. दार हा काही बंदोबस्त नाही, साहेब. दार असतंच ये-जा करायला."

"पण ती कडी लावली असती तर?"

"तर तो त्या दिवशी वाचला असता. एक दिवस बसून मोजा, तुमच्या घरात ती कडी किती वेळा लावायची राहते."

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. मावशी शेजारच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या घरीही स्वयंपाक करत. तिथे रांगतं बाळ होतं. बुधवारी त्या घरानेही त्यांना नको म्हणून सांगितलं. ज्या बाईच्या हातून कुत्रं बुडालं तिच्या भरवशावर बाळ कसं ठेवायचं, असं त्या घरातल्या सुनेचं म्हणणं. फरशीवाल्यांच्या बायकोने हे रात्रीच्या जेवणाला सांगितलं आणि पुढे म्हणाली, "आपण एका वाक्यात तिला संपवून टाकलं."

रविवारी मात्र ते वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन सकाळपासून स्वयंपाकघरात दाराकडे तोंड करून बसले. बायकोचा भाऊ सहकुटुंब आला होता. कुणी टॉवेल वाळत घालायला बाहेर जाई, कुणी फोनवर बोलायला, कुणी कचरा टाकायला. दार उघडलं की एक रेघ, कडी लावायची राहिली की रेघेवर फुली. दुपारी चार वाजेपर्यंत चौतीस रेघा झाल्या आणि त्यांतल्या सातांवर फुल्या.

"सात वेळा राहिली," ते म्हणाले. "दारावर कागद असताना सात वेळा."

"सात?" त्यांच्या आई भाजी निवडत तिथेच बसल्या होत्या. "अकरा झाल्या. तुझ्या चार कोण धरणार?"

"माझ्या? मी तर नुसता मोजतोय."

"मोजता मोजता चारदा बाहेर गेलास. दोनदा झाडाला पाणी, एकदा फोन, एकदा उगाचच. एकदाही कडी लावली नाहीस. आत्ता बघ."

फरशीवाल्यांनी वळून बघितलं. दार वीतभर उघडं होतं! तो कागद वाऱ्याने हलत होता. ते अक्षर त्यांचं, तो नियम त्यांचा, त्या नियमापायी अकरा वर्षांच्या माणसाला हाकललं ते त्यांनीच. ते उठले, गाडीची किल्ली घेतली आणि निघाले.

मावशी एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. खोली स्वच्छ, एकच खिडकी. त्यांच्या हातावरची पट्टी अजून सुटली नव्हती. त्यांनी फरशीवाल्यांना खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसल्या.

"मावशी, चूक माझी होती," फरशीवाले म्हणाले. "कुंपण घाला म्हणून चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं मला. शोभा जाईल म्हणून घातलं नाही. त्याला बाहेर यायची वाट शिकवली नाही. आणि आळ तुमच्यावर घातला."

मावशींनी हातावरच्या पट्टीचं टोक आत खोचलं.

"दादा, एक सांगायचं राहिलंय. कुणाला सांगितलं नाही मी. मला आवाज आला होता."

"कसला?"

"पाण्याचा. मिक्सर बंद केला तेव्हा. डुबुक डुबुक, रोज संध्याकाळी येतो तसा. मला वाटलं, शनिवार आहे, दादा लवकर आलेत आणि खेळवतायत त्याला. म्हटलं, चहा टाकावा." त्यांचा आवाज फुटला. "मी तुमच्यासाठी चहाचं आधण ठेवलं, दादा. तो तिकडे मरत होता आणि मी चहाचं आधण ठेवलं."

फरशीवाले त्या खुर्चीवर बसून रडले. निघताना ते म्हणाले, "मावशी, परत या."

"नाही, दादा. त्या दाराशी आता मला उभं राहवणार नाही. पण मला खरंच काही द्यायचं असेल तर मला इथे येऊन सांगितलंत ते त्या बाळाच्या घरी जाऊन सांगा. तिथे मी तोंड दाखवू शकत नाही."

फरशीवाले तिथूनच त्या घरी गेले. दारातच उभं राहून त्यांनी त्या सुनेला आणि तिच्या नवऱ्याला सगळं सांगितलं. ओरखडे, खुर्ची, चौतीस रेघा आणि आपल्या चार फुल्या. सून म्हणाली, "पण दार तर त्यांच्याकडूनच उघडं राहिलं ना?" तेव्हा ते म्हणाले, "राहिलं. तुमच्या घरात दारं किती वेळा उघडी राहतात ते उद्या मोजा, मग मावशींबद्दल ठरवा." त्यांनी खरंच मोजलं असावं, कारण गुरुवारपासून मावशी तिथे पुन्हा जाऊ लागल्या. फरशीवाल्यांकडे त्या परत कधीच आल्या नाहीत.

आता तलावाभोवती कमरेच्या वर उंचीचं लोखंडी कुंपण आहे. त्याच्या फाटकाला स्प्रिंग आहे. सोडलं की ते आपलं आपण लागतं, कुणी आठवण ठेवावी लागत नाही. खोल टोकालाही रुंद पायऱ्या झाल्या आहेत. गिऱ्हाइकं अजून येतात आणि म्हणतात, "कुंपणाने मजा गेली हो." फरशीवाले "गेली" म्हणतात आणि त्यांना बसवून सगळी हकिकत सांगतात. काही जण कुंपणासकट तलाव बांधतात. काही जण दुसऱ्या दुकानात जातात.

वाचकहो, ज्यांच्या घरी तलाव आहे, हौद आहे, नुसती उघडी टाकी आहे, त्यांनी एवढं करा. पाण्याला चारी बाजूंनी अडसर घाला आणि फाटक आपोआप लागेल असं करा. जनावराला पाण्यात उतरू देणार असाल तर आधी पायऱ्या दाखवा, प्रत्येक बाजूने पोहून पायऱ्यांकडे यायला लावा, दहा वेळा, वीस वेळा, तुमचा हात न लागता. म्हातारं असेल, आखूड पायांचं असेल तर तुम्ही समोर नसताना पाण्यापाशी जाऊच देऊ नका. पोहता येणं आणि वाचणं यांत फार अंतर आहे. आणि एका माणसाच्या आठवणीवर, तेही हातात बादली असलेल्या माणसाच्या, कुणाचा जीव सोपवू नका. माणूस विसरतो. विसरला तरी कुणी मरणार नाही अशी सोय करून ठेवणं, ही घरच्या धन्याची जबाबदारी आहे. ती ज्याने पार पाडली नाही, त्याला बोट दाखवायचा अधिकार नाही.