वीस वर्षांची ग्यारंटी

लातूर जिल्हा झाला आणि किशनरावाच्या पोराला नव्या कचेरीत कारकुनी मिळाली. तेव्हापासून किशनरावाची भाषा बदलली. माझ्या लेकीशी, सिंधुशी पोराची सोयरीक ठरली तेव्हा नारळावर लग्न करू म्हणाला होता. आता नवरदेवाला सोन्याचं घड्याळ पाहिजे. तेही त्यानंच शोधलं. औशाला त्याच्या साडूकडं निजामाच्या काळातलं खिशातलं घड्याळ होतं. ते मी पोरासाठी घ्यायचं आणि बदल्यात साडूला पंचफुलाची सोन्याच्या पुतळ्यांची माळ द्यायची.

पंचफुला माझी बायको. यंदाच्या उन्हाळ्यात गेली. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन गावात हगवण लागली, त्यात तीही पडली. माळ मोडून लातूरच्या मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणालो, तर तिनं माळ उशाखाली दाबून धरली. ही सिंधुची हाय, म्हणाली. मी तिचं ऐकलं. त्याचा राग अजून जात नाही.

औशाला साडूच्या ओसरीवर बसलो. किशनरावानं पंढरी सोनाराला आधीच बोलावून ठेवलं होतं. पंढरीनं माळेतली एकेक पुतळी कसोटीच्या दगडावर घासली, वर तेजाब टाकून बघितलं. अकराच्या अकरा खऱ्या निघाल्या. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मग घड्याळ पुढं आलं. पिवळंधमक होतं, चालूही होतं. किशनरावानं मागचं झाकण उघडून आतली इंग्रजी अक्षरं दाखवली. वीस वर्षांची ग्यारंटी लिहिलीय, विलायती कंपनी उगं लिहीत नसते, म्हणाला.

मी म्हणालो, आता हेही दगडावर घासा. साडूचं तोंड उतरलं. खानदानी घरातल्या वस्तूचा कस बघत नसतात, म्हणाला. पंढरी खाली बघत बसला.

"किशनराव, पुतळ्या माझ्या आजीच्या हायत. त्यांच्यावर कुणी ग्यारंटी लिहिली न्हाई. सोन्याला वीस वर्षांची ग्यारंटी कशाला लागती?"

मी पंढरीच्या पेटीतली कानस उचलली आणि झाकणाच्या कडेवर दोनदा जोरात ओढली. वरचा पातळ पत्रा गेला, खालून पितळ दिसलं.

साडू ओरडायला लागला. किशनराव मात्र शांतपणे म्हणाला, "वस्तू तुम्ही खराब केली, पाव्हणं. आता घ्यावीच लागंल. न्हाई तर सोयरीक ऱ्हात न्हाई."

"माझी बायको मेली पर ही माळ मोडू दिली न्हाई. तिचं सोनं तुमी घासून घेतलं अन् मला पितळ देऊ लागला. सोयरीक तुमच्याच घरात ठेवा."

माळ धोतराच्या सोग्यात बांधली आणि उठलो.

पंढरी मागं मागं बसस्टँडपर्यंत आला. हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं, म्हणाला. मग बोलला का नाहीस, विचारलं. "मला तुमची माळ बघायला बोलावलं होतं, केरबा. घड्याळाचं कुणी विचारलं न्हाई." त्याच्या अंगावर थुंकावंसं वाटलं. बस आली म्हणून वाचला.

घरी येऊन सिंधुला सरळ सांगितलं, सोयरीक मोडली, मी मोडली. ती रडली. तिला पोरगा आवडला होता. पोराचा काय दोष, असं विचारत राहिली. मी म्हणालो, त्याला बापाची चाल ठाऊक नसंल तर येईल उद्या, घड्याळाशिवाय. तो आला नाही.

सिंधु चार दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी मीच थापल्या. करपल्या, तशाच दोघांनी खाल्ल्या.