मोज्यातल्या तीन बाटल्या

आमच्या घरी रविवारी दुपारी बाटल्यांना मोजे घालतात. मोजे माझ्या नवऱ्याचे असतात आणि धुतलेले असतात, याची खात्री मी जातीनं करते. आत तीन स्वस्तातल्या रेड वाइन. लेबल दिसू नये म्हणून हा सगळा थाट. सासरे एकेक घोट घेऊन कुठली कशाबरोबर जाईल ते सांगतात, आणि ते बोलेपर्यंत कुणी ग्लासला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. पस्तीस वर्षं मोठ्या हॉटेलात वाइन वाढलेला माणूस! "महागडी बाटली कुणीही निवडेल, स्वस्तातली चांगली निवडायला नाक लागतं," हे त्यांचं वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

त्या रविवारी मामला गंभीर होता. माझी धाकटी नणंद छोटंसं रेस्टॉरंट उघडत होती. तिच्या मटण स्ट्यूबरोबर परवडेल अशी एक रेड हवी होती, आणि मेनूवर त्या वाइनपुढे 'बाबांची निवड' असं छापायचं होतं. निवृत्त झाल्यापासून बाबांना कुणी काही विचारलं नव्हतं. आठवडाभर ते घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून फिरत होते.

तो रुबाब बघून मला खोडी काढायची हुक्की आली. तिसऱ्या बाटलीत मी गुलाबपाण्याचे चार थेंब टाकले. बाबा हुंगताच ओरडतील, आपण हसू, मग तसलीच दुसरी बाटली उघडू. ती मी आणूनच ठेवली होती.

"ही हिरड्या आवळते. तगडी आहे," बाबा पहिलीबद्दल म्हणाले. दुसरी पातळ निघाली, मशरूमबरोबर चालेल म्हणाले. तिसऱ्या ग्लासात त्यांनी नाक खुपसलं, डोळे मिटले.

"वा! काळी मिरी. ओली माती. हीच लिही."

मी हातभर लांब बसले होते आणि मला गुलाबाचा वास येत होता.

एकदम आठवलं. गेल्या महिन्यात दूध करपलं तेव्हा बाबा शेगडीशेजारीच पेपर वाचत बसले होते. मी त्यांना आळशी म्हटलं होतं.

नणंदेनं लिहिलं आणि तिसऱ्या ग्लासकडे हात नेला. मी कोपर मारलं. वाइन टेबलभर झाली.

"अगं वहिनी! नवा टेबलक्लॉथ!"

"माझं मेलीचं लक्षच नव्हतं," म्हणत मी बाटली उचलून स्वयंपाकघरात पळाले. मागोमाग फडकं घ्यायला बाबा आले.

"तिसरीत काय होतं?"

"गुलाबपाणी."

ते कोरडंच फडकं पिळत राहिले. "त्या तापानंतर गेला वास. चार महिने झाले. तिला सांगू नकोस. माझ्याकडे तिला द्यायला दुसरं आहे काय?"

मला रडू आलं. स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली. पण बाबांना रडकी सून चालत नाही.

"जीभ तरी शाबूत आहे ना?"

"आहे. पहिली हिरड्या आवळते ते खरंच. मटणाच्या चरबीला तशीच लागते. पण वास..."

मी बाहेर जाऊन पहिला ग्लास घेऊन आले आणि हुंगला. "जांभळासारखा. थोडा लाकडाचा."

"लाकूड ओलं की जुनं?"

"जुनं. तुमच्या कपाटासारखं. डांबरगोळ्या वगळून."

बाबा हसले. मग शर्ट नीट करून बाहेर गेले.

"पहिली लिही."

"बाबा, आत्ता तिसरी म्हणालात!"

"जी वाइन सुनेच्या हातात टिकत नाही, ती गिऱ्हाइकाच्या पोटात काय टिकणार?"

मेनू छापून आला. 'बाबांची निवड' बरी खपते, असं नणंद सांगते. रविवारी ती रेस्टॉरंटमध्येच असते, म्हणून आमचं फावतं. कारण त्या संध्याकाळी बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दर रविवारी एका बाटलीत गुलाबपाणी घालत जा. कुठल्या ते सांगू नकोस." गेलेला वास कधीकधी परत येतो, असं डॉक्टर म्हणालेत.

तिसरा महिना चालू आहे. चाराचे आता सात थेंब झालेत. वाइनला अत्तराचा वास मारतो म्हणून नवरा कुरकुरतो, पण ग्लास रिकामा करतो. बाबा एकेक ग्लास हुंगतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मी त्या गावचीच नसल्यासारखी बसून राहते, आणि पकडली जायची वाट बघते.